दुपारची शिकवणी

१

कुणी कुत्र्याची तक्रार घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिवसभर तो करतो काय?" बहुतेक लोक गोंधळतात. "करणार काय? पडून असतो." तिथंच निम्मं निदान होतं. ज्या जनावराचं नाक दोन गल्ल्यांपलीकडचं मांजर ओळखतं, त्याला आपण चार भिंतींत कोंडणार, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं ओढत फिरवून आणणार, आणि त्यानं चपला खाल्ल्या की डोक्याला हात लावणार. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं रिकामं कुत्रं सोफा फाडतं. त्याला काम द्या. खाऊ जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, खोक्यात कागदाचे बोळे भरून लपवा, फिरायला नेलं की हुंगू द्या. सोळा वर्षं मी हेच सांगत आले आहे.

म्हणून ताईचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं.

"ठिपकीनं सोफा फाडला गं. दार ओरबाडलं. भिंतीकडे बघून भुंकत बसते, खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात. तू ठेवून घे तिला आठ दिवस."

"ताई, कंटाळलीये ती. मी येते घरी, दाखवते काय करायचं ते."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की मी फोन कानापासून लांब धरला. मग आवाज मऊ करून म्हणाली, "आम्ही बाहेरगावी जातोय. ह्यांना जरा हवापालट हवा."

ताईनं काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालेलं नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ती सतरा. माझ्या वेण्या तिनं घातल्या, शाळेचा रस्ता तिनं ओलांडून दिला, मला ताप आला की तीच उशाशी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. मी पहिल्या मजल्यावर राहते, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जिना चढून ती दारातच थांबली. ठिपकी तीन वर्षांची, काळीभोर, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. ताईनं तिचा पट्टा माझ्या हातात दिला, भांडं आणि गादी उंबऱ्याच्या आत सरकवली. मग बाजूला होऊन, हात आतल्या दिशेनं करत हळू आवाजात म्हणाली, "या. आत या."

"कुत्रीला अहो-जाहो कधीपासून?" मी म्हणाले.

ताई हसली नाही. "सवय लागली," एवढं पुटपुटली आणि पाणीसुद्धा न घेता वळली. जिना ती कठड्याला धरून सावकाश उतरली. खाली रस्त्याला लागल्यावर मात्र पळाली. साठीला आलेली माझी ताई, गुडघ्यांना पट्टे बांधणारी, पळत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मला वाटलं, गाडी चुकत असेल.

२

माझा स्वतःचा कुत्रा म्हणजे म्हातारा. दीड महिन्याचा होता तेव्हाच कपाळावर आठ्या होत्या, म्हणून हे नाव. आता अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे नाव अंगाला बसलंय. घरात आम्ही दोघंच. नवी पाहुणी आली की तो एकदा हुंगतो, आणि 'असू दे' अशा चेहऱ्यानं आपल्या गादीवर जाऊन पडतो.

या वेळी त्यानं ठिपकीला हुंगलं, आणि मग तिच्या शेजारची मोकळी जागाही हुंगली. बराच वेळ. मी म्हटलं, ताईच्या साडीचा वास असेल.

पहिले दोन दिवस ठिपकीनं ना चप्पल खाल्ली ना भुंकली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेलात चिकनचे सहा तुकडे गुंडाळून तिच्यापुढे टाकले. अर्ध्या मिनिटात तिनं नाकानं गुंडाळी सोडवली. तुकडे फरशीवर आले.

तिनं ते खाल्ले नाहीत.

ती बसली. पाठ ताठ, पुढचे पाय जोडलेले. मान उचलून बघत राहिली, पण माझ्याकडे नाही. खिडकीजवळ वेताची खुर्ची आहे, तिच्या डाव्या बाजूला, माणसाच्या कंबरेएवढ्या उंचीवर तिची नजर लागली होती. लाळेची तार फरशीला टेकली. मी मनात आकडे मोजले. एकोणीस झाले, आणि कुणी तरी हो म्हटल्यासारखी ती वाकली आणि सगळं फस्त करून टाकलं.

माझा जीव धंद्यात अडकलेला. पहिला विचार आला तो भीतीचा नाही, मत्सराचा. एवढं पक्कं 'थांब' मला कुणालाही शिकवता आलेलं नाही. मी ताईला फोन लावला.

"'थांब' कुणी शिकवलं गं हिला? फार सुंदर शिकवलंय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "खाते ना पण?"

"खाते. पण कुणी..."

"मग झालं तर. खाऊ दे." तिनं फोन ठेवला.

३

मालक घराबाहेर पडल्यावर कुत्रं काय करतं, हे मालकाला कधीच माहीत नसतं. म्हणून मी सगळ्यांना कॅमेरा लावायला सांगते. चौथ्या दिवशी मी माझाच छोटा कॅमेरा कपाटावर ठेवला, दोघांना दिवाणखान्यात सोडलं आणि एका दातांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. त्यांचं कुत्रं स्वतःची शेपूट कुरतडायचं. दुपारी परत आल्यावर जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन मी चित्रण बघायला बसले.

पहिली चाळीस मिनिटं दोघं झोपलेले. खालून हवा भरायच्या पंपाचा आवाज, मधूनच हातोडी. फ्रिजची घरघर.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ठिपकी उठली. खोलीच्या मधोमध गेली. बसली. आडवी झाली. लोळली. पुन्हा बसली आणि उजवा पंजा उचलला.

पंजा हवेत राहिला. मग दोनदा खालीवर झाला, आपण हात हातात घेऊन हलवतो तसा.

मी जेवण बाजूला सारलं आणि तेवढा भाग पुन्हा लावला. कुत्री घाबरली की पंजा उचलतात. शिकलेल्या गोष्टी एकटं असताना करून बघतात. हे सगळं मी लोकांना सांगते, ते स्वतःला सांगितलं. एवढ्यात एक आवाज ऐकू आला. पंजा खाली आला त्या क्षणी, टक्.

जिभेचा आवाज. टाळूला जीभ लावून सोडली की होतो तसा. कुत्र्यानं बरोबर केलं की मी तस्साच आवाज करते. 'शाब्बास' म्हणायला वेळ जातो, तेवढ्यात कुत्रं दुसरंच काही करून बसतं. आवाज अचूक क्षणी यावा लागतो, अर्ध्या सेकंदाचाही उशीर चालत नाही. हे जमायला मला सहा वर्षं लागली.

चित्रणातला आवाज एकदाही चुकला नव्हता.

खालच्या दुकानातला असेल, मी स्वतःला म्हटलं. खाली जाऊन विचारलंसुद्धा. सायकलवाले काका चाकाच्या तारा ताणत होते. "जिभेचा आवाज? अहो बाई, इथं जीभ टाळूला लावायला उसंत कुणाला आहे?"

तेही हसले, मीही हसले. जिना चढताना मात्र माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक पायरीवर थांबून वरचा कानोसा घेतेय.

४

म्हाताऱ्याच्या उजव्या खुब्यात लहानपणापासून दोष आहे. मी त्याला खूप काही शिकवलं, पण 'लोळ' कधीच नाही. त्याला ते दुखतं. अकरा वर्षांत एकदाही मी त्याला ते करायला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी मी परत आले तेव्हा तो दाराशी आला नाही. गादीवर पडून होता. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "दमलास का रे?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं अंग चोरलं.

मी कपाटावरून कॅमेरा काढला.

या वेळी ठिपकी गादीवर उताणी झोपली होती, चारी पाय वर, शाळेला सुट्टी लागल्यासारखी. मधोमध उभा होता तो म्हातारा. खुर्चीच्या डाव्या बाजूला बघत. तो बसला. टक्. आडवा झाला. टक्. मग बराच वेळ काहीच घडलं नाही. त्याचे कान पुढे झाले, मागे गेले, कुणाचं तरी बोलणं कळत नसल्यासारखे. मग तो एका कुशीवर कलला, पाय हवेत झाडले आणि पाठीवरून पलीकडे गेला.

टक्.

उठला. पुन्हा. उठला. पुन्हा. मी मोजत गेले. बाविसाव्या वेळी तो कळवळून ओरडला. मला वाटलं, आता थांबेल. पण तो धडपडत उठला आणि शेपूट हलवू लागला. सगळं अंग हलत होतं. पिल्लू असताना तो तसा हलायचा. मला ती शेपूट शेवटची कधी दिसली, ते आठवेना.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाईट वाटलं. माझ्या हातून औषध घ्यायला तो तोंड फिरवतो, आणि हा कोण? मी घरी आल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले होते. सांगितलं नव्हतं मला.

मग मी उठून सगळं घर तपासलं. दाराचं कुलूप, खिडक्यांचे खटके, पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीघरातला माळा. सगळीकडे फक्त धूळ. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एक कुत्रं दुसऱ्याचं बघून शिकतं, हे मी शंभरदा पाहिलंय. ठिपकीचं बघून तो शिकला असेल. एवढं पटण्यासारखं होतं. पण मग तो आवाज कोण करत होतं?

खुर्चीच्या डाव्या बाजूला मी हात फिरवून पाहिला. काही नव्हतं. हात मात्र मी लगेच धुतला.

५

ताईचा फोन बंद. सकाळी म्हाताऱ्याचा खुबा सुजला होता, त्याला जिना उतरवणं शक्य नव्हतं. दुखण्याची गोळी देऊन मी त्याला झोपायच्या खोलीत नेलं, ठिपकीला त्याच्याजवळ ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि ताईच्या घरी गेले. ती बाहेरगावी आहे हे माहीत होतं. शेजाऱ्यांकडे पत्ता तरी मिळेल, एवढीच आशा.

दार ताईनंच उघडलं.

घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. वारा खेळत होता. भावोजी भर दुपारी सोफ्यावर झोपले होते, तोंड उघडं टाकून, निर्धास्त.

"तुम्ही गेला नाहीत?"

"हळू बोल," ताई कुजबुजली. "सहा महिन्यांनी झोपलेत ते."

मी सोफ्याकडे बघितलं. कुत्र्यांनी फाडलेले सोफे मी शेकड्यानं पाहिलेत. दात कुठं लागतात, कापूस कसा ओढला जातो, डोळे मिटून सांगेन. इथं उशा शिवणीवरून सरळ उसवल्या होत्या, टाका न् टाका. आणि कापूस कोपऱ्यात नीट रचून ठेवला होता.

"हे ठिपकीनं केलेलं नाही."

"नाही." ताईनं पदर हातात घट्ट पिळला. "ठिपकी तेव्हा दोन दिवस जनावरांच्या दवाखान्यात होती. घरात शिकायला कुणी नव्हतं. तूच म्हणतेस ना, काम नसलं की घर फोडतात."

"मी कुत्र्यांबद्दल म्हणते!"

तिनं वाऱ्यानं हलणारं खिडकीचं दार खुंटीला अडकवलं.

"ताई, कोण आहे ते?"

"मला माहीत नाही. खरंच नाही गं. मी कधी नीट बघितलं नाही, तूही बघू नकोस. शिकवायला कुणी असलं की काही त्रास नसतो. पण ठिपकी हुशार. जे होतं ते सगळं शिकून मोकळी झाली. मग..." तिनं भावोजींकडे पाहिलं. "जेवायला बसले की घास तोंडापाशी नेऊन थांबायचे. मी म्हणायचे, अहो, जेवा ना, कशाची वाट बघताय? तर म्हणाले, 'अजून सांगितलं नाही.'"

बाहेर कुणी तरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज मला फार स्पष्ट ऐकू येत होता.

"आणि तू ते माझ्या घरी आणून सोडलंस," मी म्हणाले. "माझ्या दारात उभी राहून 'या' म्हणालीस. कुत्रीला नव्हतं ते."

"तुला येतं हे सगळं. तुझा धंदाच आहे. मला वाटलं, तुला जमेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?" आणि मग, खाली बघत, "तू एकटी असतेस. माझ्या घरात माणूस आहे."

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, भाजी कोणत्या पिशवीत घालायची ते सांगावं तशी. मग तिनं हात पुढे केला. माझे केस कपाळावर आले होते, ते ती लहानपणापासून मागे सारते. मी एक पाऊल मागे झाले. तिचा हात तसाच राहिला.

भावोजींनी झोपेत कूस बदलली. ताईनं ओठांवर बोट ठेवलं, मला खांद्याला धरून हलकेच दाराबाहेर केलं आणि आतून कडी लावली. कडीचाही आवाज होऊ दिला नाही.

६

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. जिन्यावर ऊन होतं. म्हाताऱ्याला उचलायचं, ठिपकीला बांधायचं, बाहेर पडायचं, पुढचं पुढे. एवढंच ठरवलं होतं.

झोपायच्या खोलीची कडी मी बाहेरून घातली होती. आता ते दार उघडं होतं. म्हातारा दिवाणखान्यात मधोमध बसला होता. ठिपकी मुख्य दारापाशी अंग आक्रसून पडलेली. मला बघताच माझ्या पायांवर येऊन आदळली. मी तिचा पट्टा अडकवला आणि मनगटाला दोन वेढे घेतले.

"म्हाताऱ्या, चल."

त्यानं आधी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. उठला नाही.

"चल रे बाळा. ये."

पुन्हा खुर्चीकडे बघितलं. मी पुढे होऊन त्याच्या पोटाखाली हात घातला, आणि तो गुरगुरला. अकरा वर्षांत माझ्यावर कधीच गुरगुरला नव्हता. मी तरी उचललाच. तो चावला. डाव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी, चारही सुळे. मी त्याला सोडलं. तो मागे जाऊन पुन्हा तिथंच बसला आणि शेपूट हलवली. माझ्यासाठी नाही.

टक्.

या वेळी आवाज यंत्रातून आला नव्हता. तीन हातांवरून आला.

खुर्चीकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं आणि मान फिरवली. समोर बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत खोली दिसत होती: खिडकी, खुर्ची, म्हातारा, मी. आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला, उकिडवं बसलेलं एक कुणी तरी.

चेहरा दिसला नाही, कारण तो माझ्याकडे नव्हता. ते माझ्याकडे कूस करून बसलं होतं, खांदे सैल, मान खाली, नजर दुसरीकडे. एक हात तेवढा माझ्या बाजूला लांब केलेला, तळवा वर, आणि तळव्यावर काही तरी ठेवलेलं.

मला ती बैठक माहीत आहे. मी रोज तशी बसते. अनोळखी, घाबरलेलं, चावण्याच्या बेतात असलेलं जनावर समोर असलं की असंच बसायचं असतं. अंग लहान करायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हात उघडा ठेवायचा, घाई करायची नाही. ते आपणहून येतं.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. डोळे चमकत होते. तो उभा राहिला आणि बसला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा उभा राहिला, पुन्हा बसला, अगदी सावकाश, मला नीट दिसावं म्हणून. शिकलेल्या कुत्र्याकडून आपण नव्याला असंच करून दाखवतो. माझा म्हातारा मला शिकवत होता.

कसं झालं ते मला सांगता येणार नाही. माझे गुडघे वाकले. मी फरशीवर बसले.

टक्.

आणि मला इतकं बरं वाटलं. सगळ्या आयुष्यात कुणी मला इतकं अचूक, इतकं माझ्यासाठी म्हणून शाब्बास म्हटलेलं नव्हतं. ताईनं तर नाहीच. हाताचं रक्त फरशीवर ठिबकत होतं, आणि मी वाट बघत होते की पुढे काय करायचं ते सांगतील.

ठिपकीनं मला वाचवलं. ती भुंकत सुटली, भिंती हादराव्यात अशी, आणि सगळ्या ताकदीनं दाराकडे पळाली. मनगटातला पट्टा आवळला. मी कुशीवर आडवी झाले, फरफटले, उंबऱ्याबाहेर खांदा आपटला तेव्हा शुद्ध आली. दार ओढून घेताना मी आत पाहिलं नाही. म्हातारा मागे आला नाही, हे मात्र कळलं. त्याच्या नखांचा आवाज मी कुठूनही ओळखते.

७

रात्र ठिपकीसकट खालच्या दुकानात काढून सकाळी मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हातारा दीड महिन्याचा होता तेव्हापासून तेच त्याला बघतात. दांडगे, मोठ्यानं बोलणारे, एकटे गृहस्थ. घरामागेच दवाखाना, सतरा पिंजरे, आणि एकही कधी रिकामा नसतो.

"म्हातारा चावला मला," मी म्हणाले. "खुबा सुजलाय, बिथरलाय, मला जवळ येऊ देत नाही. तुम्ही घेऊन जाल का थोडे दिवस?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

ते दहाला आले. मी ठिपकीला घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी होते. किल्ली त्यांच्या हातात दिली. "तुम्ही नाही येत वर?" त्यांनी विचारलं. मी पट्टी बांधलेला हात दाखवला. ते मान हलवून जिना चढले.

सायकलवाले काका पंप मारत होते. मी वरच्या खिडकीकडे बघायचं टाळत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोनदा मी रस्ता ओलांडायला पाऊल उचललं. दोनदा ठिपकीनं पट्टा मागे ओढला, किंवा मी तसं मानलं.

मग डॉक्टर बाहेर आले. म्हातारा त्यांच्या कडेवर, मान त्यांच्या खांद्यावर टाकून, लहान मुलासारखा.

"काय हो, उगाच घाबरवलंत!" ते पलीकडूनच ओरडले. "केवढा शहाणा आहे. मी सांगायच्या आत बसतो. वरती तर लोळूनसुद्धा दाखवलं मला. हे कधी शिकवलंत?"

ठिपकीच्या पट्ट्याचा मी मनगटाला आणखी एक वेढा घेतला.

त्यांनी म्हाताऱ्याला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. मी हाक मारली, "म्हाताऱ्या." त्याचा एक कान माझ्या बाजूला वळला. तेवढंच. तो गाडीच्या पुढच्या भागाकडे बघत बसला होता, पाठ ताठ, पुढचे पाय जोडलेले.

डॉक्टर आत बसले. बाजूच्या सीटवर त्यांची औषधांची जाड बॅग होती. त्यांनी ती उचलली, मागे वळून म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली, आणि रिकाम्या झालेल्या सीटवरची धूळ हातानं झटकली. आपण असं का केलं, हे त्यांचं त्यांनाही कळलेलं दिसलं नाही. क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिले.

तेव्हा सांगता आलं असतं. रस्ता रिकामा होता. वीस पावलं गेले असते, दाराला हात लावून म्हटलं असतं, डॉक्टर, उतरा, ऐका माझं. त्या पिंजऱ्यांमधली सतरा जनावरं माझ्या डोळ्यांपुढे होती. भावोजींचा हवेत थांबलेला घासही होता. काल ताईच्या दारातून बाहेर पडताना तिच्याबद्दल माझ्या मनात काय काय आलं होतं, तेही सगळं आठवत होतं.

डॉक्टरांनी काच खाली केली. "तुम्ही येताय ना मागून?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

"बरं." त्यांनी गाडी सुरू केली, बाजूच्या सीटकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले. "मग आम्ही तिघं निघतो."